दुर्गाबाई आणि कमलाबाईंना नातेवाइकांच्या रकान्यातून बाहेर काढा

प्रति,
मूकपटांवरील फिरत्या प्रदर्शनाची संयोजन समिती,
आणि मराठी रंगभूमी व चित्रपटाचा इतिहास लिहिणारे, शिकवणारे, मांडणारे सर्व जण

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रदर्शनात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई गोखले, म्हणजे भारतीय चित्रपटात काम करणाऱ्या पहिल्या दोन स्त्रिया, यांचा मिळून एक फलक आहे. त्यावर दुर्गाबाईंबद्दल लिहिलंय की ‘वैवाहिक जीवनात अपयश आल्याने त्या नाटकाकडे वळल्या’. कमलाबाईंबद्दल ‘अकाली वैधव्य आले’ असं आहे. मग मुलं, नातवंडं, आणि शेवटी ठळक अक्षरांत ‘ज्येष्ठ अभिनेते विक्रम गोखले यांच्या पणजी व आजी’. चित्रपटाच्या वाट्याला एकच ओळ आली आहे: ‘दोघींनी मोहिनी भस्मासुर या चित्रपटात काम केले.’ शेजारी फाळक्यांच्या चित्रपटांत बाईच्या भूमिका करणारे नट अण्णा साळुंके यांचा फलक आहे, पूर्ण उंचीचा. त्यात त्यांच्या पत्नीचा, मुलाबाळांचा उल्लेखही नाही. ते कुठून आले, फाळक्यांना कसे भेटले, कोणत्या भूमिका केल्या, हे सगळं नीट दिलं आहे. फलक असाच लिहायचा असतो. मग या दोघींचा तसा का लिहिला नाही?

हे मी आपल्या कार्यालयात आधी तोंडी विचारलं, नंतर लेखी दिलं. फलक छापून झाले आहेत आणि लोकांना घरगुती माहिती वाचायला आवडते, असं उत्तर आलं. त्यावर गप्प बसणं मला जमणार नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. संस्थेचं नाव घालत नाही. अशी मांडणी करणारे आपण एकटे नाही, आणि मला कोणाची बेअब्रू करायची नाही. फलक बदलायला हवा, एवढंच मागणं आहे.

माझा यात काय संबंध, तेही सांगते. माझी आजी संगीत नाटकाच्या एका छोट्या कंपनीत होती. नाव झालेली नव्हती. गावोगावच्या मुक्कामांत नाइटवर, म्हणजे दर प्रयोगाच्या पैशांवर, काम करणारी होती. तिच्या ट्रंकेत एक लांबट वही होती. तिच्यात गावाचं नाव, नाटकाचं नाव आणि मिळालेले पैसे, असं ओळीने लिहिलेलं असे. काही ओळींपुढे ‘बाकी’ एवढाच शब्द असे, म्हणजे कंत्राटदाराने पैसे दिलेच नाहीत. घरात मात्र तिची ओळख ‘आजोबांची दुसरी बायको’ अशीच करून दिली जायची. ती गेल्यावर वही रद्दीत गेली आणि लग्नाचा फोटो भिंतीवर राहिला. बाईचं काम कसं पुसलं जातं ते मी घरातच पाहिलं आहे. तेच सार्वजनिक प्रदर्शनात, मोठ्या अक्षरांत, इतिहास म्हणून लागलेलं पाहिलं तेव्हा राहवलं नाही.

आता एकेक आक्षेप मांडते.

पहिला आक्षेप ‘अपयश’ या शब्दाला. दुर्गाबाईंचा विवाह आनंद नानोसकर यांच्याशी झाला होता. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला दुर्गाबाई त्यांच्यापासून वेगळ्या झाल्या आणि लहानग्या कमलेला घेऊन एकट्या उभ्या राहिल्या. त्या काळी वरच्या जातींतल्या हिंदू बाईला घटस्फोट नावाची सोयच नव्हती. मुंबई प्रांतात तो कायदा १९४७ साली आला आणि देशभर १९५५ साली. दुर्गाबाईंच्या निर्णयाआधी पंधरा-सोळा वर्षं याच मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला होता. बालपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायला त्यांनी नकार दिला, तेव्हा १८८७ साली न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असं सांगितलं. शेवटी तडजोड होऊन पैसे देऊन सुटका झाली. रखमाबाईंच्या पाठीशी शिकलेले वडीलधारे होते, वर्तमानपत्रांत बाजू मांडणारे लोक होते, पुढे विलायतेत वैद्यकीय शिक्षणही मिळालं. दुर्गाबाईंच्या पाठीशी असं कोणी नव्हतं. एकट्या ब्राह्मण बाईपुढे तेव्हा कोणाच्या घरची धुणीभांडी होती, नाहीतर ज्याचं नावही घ्यायचं नाही असा धंदा. त्यांनी नाटक कंपनी निवडली. त्यासाठी जातीने वाळीत टाकल्याचंही सहन केलं. हा निर्णय होता, तोही पोटच्या पोरीची जबाबदारी अंगावर असताना घेतलेला. फलक वाचून मात्र वाटतं की बाई घसरत घसरत रंगमंचावर येऊन पडली.

कंपनीतलं आयुष्य काय होतं, तेही फलकावर यायला हवं होतं. एका गावाचा मुक्काम हलला की सामान बैलगाडीत किंवा रेल्वेत चढवायचं आणि पुढच्या गावी पुन्हा बिऱ्हाड मांडायचं. रात्री सुरू झालेलं संगीत नाटक पहाटेपर्यंत चाले. चेहऱ्याला सफेदा, त्यावर हिंगूळ, समोर गॅसबत्त्यांचा उष्मा. अशा फिरतीत कमला वाढली. चार-पाच वर्षांची असतानाच ती रंगमंचावर उभी राहिली. शाळा नव्हती. तालीम आणि हातात दिलेली संवादांची नक्कल, यावरच तिचं शिक्षण झालं. आईने वाटेत जेवढं शिकवलं तेवढीच अक्षरओळख. या तपशिलांना आपल्याकडे जागा नव्हती, आणि ‘अपयश’ या शब्दाला मात्र होती.

दुसरा आक्षेप सगळ्यात मोठा आहे, म्हणून त्यावर जास्त लिहिते. ‘दोघींनी काम केले’ या एका ओळीत आपण भारतीय चित्रपटातली एक मोठी घटना गुंडाळून टाकली. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ करताना दादासाहेब फाळके यांनी तारामतीसाठी बाई शोधली. जाहिराती दिल्या, वेश्यावस्तीतही विचारलं. कोणी तयार झालं नाही, टिकलं नाही. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे साळुंके तारामती झाले. ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशन थिएटरमध्ये तो चित्रपट लागला. त्यात काम करणाऱ्या पुरुषांनाही आपण सिनेमात आहोत असं सांगायची चोरी होती. फाळक्यांनीच त्यांना सांगून ठेवलं होतं की कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरी करतो म्हणा. पुरुषांना खोटं सांगून अब्रू सांभाळावी लागत होती त्याच वर्षी फाळक्यांनी नाशिकला ‘मोहिनी भस्मासुर’ हा पुढचा चित्रपट घेतला आणि त्यात दुर्गाबाई पार्वती झाल्या, तेरा वर्षांच्या आसपासची कमला मोहिनी झाली. दोघी लपल्या नाहीत. खोट्या कारखान्याच्या आड राहून त्यांचं भागणार नव्हतं, चेहरा तर पडद्यावरच दिसणार होता.

त्या भूमिकेबद्दल मला नेहमी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मोहिनी म्हणजे विष्णूने घेतलेलं बाईचं रूप. पुरुषाने बाईचं रूप घ्यायचं आणि लोकांनी भुलायचं, ही तर आपल्या संगीत रंगभूमीची रोजची रीत होती. भाऊराव कोल्हटकरांपासून बालगंधर्वांपर्यंत स्त्रीपार्टी करणाऱ्यांवर महाराष्ट्राने जीव ओवाळून टाकला. आणि पडद्यावर ही भूमिका पहिल्यांदा आली तेव्हा ती एका मुलीने केली. भस्मासुर तिच्या प्रत्येक हावभावाची नक्कल करत जातो आणि स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून भस्म होतो. पडद्यावर पुरुष बाईचं अनुकरण करतो आहे आणि ती बाई खरोखरची बाई आहे, हे दृश्य तोवर आपल्या चित्रपटात कोणी पाहिलेलं नव्हतं. प्रदर्शनात शाळेची मुलं येतात. त्यांना हे सांगायचं नाही, तर काय सांगायचं?

तेवढ्याने दार उघडलं आणि सगळ्या बाया आत आल्या, असंही झालं नाही. १९१७ साली ‘लंका दहन’मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. म्हणजे दुर्गाबाई-कमलाबाईंच्या नंतरही सीतेसाठी पुन्हा पुरुषच उभा राहिला. एवढ्यावरून त्या दोघींनी जे केलं ते किती अवघड होतं हे कळतं. आपल्या फलकांचा क्रम पाहिला की वाटतं, आधी साळुंके झाले, मग या दोघी आल्या आणि प्रश्न मिटला. तसं नव्हतं. साळुंक्यांच्या अभिनयाबद्दल माझ्या मनात आदरच आहे, ते मोठे नट होते. पण बाईची जागा बाईला मिळायला आणखी बराच काळ गेला.

याच ओघात एक सवय बोलून दाखवते. ती फक्त आपली नाही, सगळ्या मराठी लिखाणात मुरलेली आहे. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’मुळे दुर्गा खोटे या चित्रपटात आलेल्या पहिल्या ‘घरंदाज’ स्त्री, असं लिहिलं जातं. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक केलं तेव्हापासून बायका रंगमंचावर बायकांच्या भूमिका करू लागल्या, असंही. दोन्ही घटना मोठ्याच आहेत. दुर्गाबाई खोटेही लहान वयात विधवा झाल्या होत्या, दोन मुलं पदरी होती आणि त्यांनी कामाला हात घातला. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण त्या दोन्ही तारखांच्या वीस वर्षं आधी कामत मायलेकी पुरुषांच्या बरोबरीने रंगमंचावर आणि पडद्यावर उभ्या होत्या, हे त्याच वाक्यात यायला नको का? आणि ‘घरंदाज’ हा शब्द वापरला की ज्या बायकांना ते प्रमाणपत्र मिळालं नाही त्या सगळ्यांचं काम हलकं ठरतं. मूकपटांचा धंदा ज्यांनी तोलून धरला त्यांत अँग्लो-इंडियन, ज्यू, मुसलमान मुली होत्या, गाणाऱ्या घराण्यांतल्या होत्या. त्यांच्यापुढे ‘पण त्या घरंदाज नव्हत्या’ असं न लिहिताही लिहिलं जातं.

कमलाबाईंच्या विवाहाबद्दल आपण फक्त त्याचा शेवट लिहिलात. त्यांनी रघुनाथराव गोखले यांच्याशी लग्न केलं. रघुनाथराव स्वतः नट-गायक, किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका केलेले. आवाज फुटल्यावर ते चित्ताकर्षक नाटक मंडळीत आले. ही त्यांच्या घरचीच कंपनी, आणि दुर्गाबाई व कमला याच मंडळीत होत्या. बाईची भूमिका करणारा नवरा, आणि पुढे पुरुषभूमिकाही रंगवणारी बायको. तालमी, पेटी, तबला, हिशेब यांतच त्यांचा संसार चालला. दोघं एकाच धंद्यातले, एकमेकांच्या कामाचं मोल जाणणारे. त्या काळात असा जोडीदार मिळणं किती बायकांच्या नशिबी होतं?

पंचविशीच्या आसपास कमलाबाई विधवा झाल्या. तिसरं मूल पोटात होतं. पुढचं फलकावर नाही, ते सांगते. नवऱ्याच्या मिळकतीत विधवेला वाटा देणारा कायदा १९३७ साली आला, म्हणजे त्यांना उशीर झाला होता. ब्राह्मण विधवेने आलवण नेसायचं, केशवपन करायचं आणि कोणाच्या तरी घरी राबायचं, अशी समाजाची अपेक्षा होती. शिकायची इच्छा असेल तर कर्व्यांचं हिंगणं होतं. कमलाबाई रंग लावून पुन्हा उभ्या राहिल्या. विधवेने जरतारी नेसून, कुंकू लावून नायिका व्हायचं, आणि तेही तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर! त्यासाठी केवढं धैर्य लागलं असेल, याचा विचार फलक लिहिणाऱ्याने क्षणभर तरी करायला हवा होता. नाटकांत कामं करून, मूकपटांत आणि मग बोलपटांत कामं करून त्यांनी तीन मुलांना वाढवलं. तीसहून अधिक चित्रपट त्यांच्या नावावर आहेत. १९८०च्या सुमारास, ऐंशीच्या घरात असतानाही त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या होत्या. मूकपटाच्या पहिल्या वर्षापासून रंगीत हिंदी चित्रपटापर्यंत एकाच बाईची कारकीर्द पसरलेली आहे. भारतात अशी उदाहरणं किती सापडतील?

त्यांचे पुत्र चंद्रकांत गोखले मोठे नट झाले. लालजी आणि सूर्यकांत गोखले तबलावादक झाले, लालजींनी अहमदजान थिरकवाँकडे तालीम घेतली. नातू विक्रम गोखले यांना कोण ओळखत नाही? ही सगळी माणसं अभिमानाने सांगावीत अशीच आहेत. माझा आक्षेप नात्याच्या दिशेला आहे. विक्रम गोखले यांच्या फलकावर ‘दुर्गाबाई कामत यांचे पणतू’ असं पहिल्या ओळीत लिहिलं तर ते बरोबर होईल, कारण ही कला त्यांच्या घरात त्या बाईपासून सुरू झाली. आपण उलटं लिहिता, म्हणजे नातवाच्या प्रसिद्धीमुळे आजीला जागा मिळते. नातू प्रसिद्ध झाला नसता तर फलक लावलाच नसता का?

तारखांबद्दल थोडक्यात. कमलाबाईंच्या जन्माचं वर्ष कुठे १९०० मिळतं, कुठे १९०१. निधनाचं वर्ष कुठे १९९७, कुठे १९९८. आपण त्यातलं एक उचलून छापलंत, कुठून घेतलं ते सांगितलं नाहीत. या बाई आपल्या हयातीत, पुण्यात, विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगत होत्या. त्यांच्या मृत्यूचं वर्ष नक्की करायला कागद शोधण्यापलीकडे काय लागतं? साळुंके काय, फाळके काय, त्यांच्या तारखांचा काथ्याकूट आपण करतो. इथे मात्र जे सापडलं ते चालतं.

हे का तातडीचं आहे, तेही सांगते. भारतात तेराशेच्या वर मूकपट झाले, आणि तुकड्याताकड्यांत का होईना, जे हाती उरलेत ते जेमतेम तीसएक आहेत. नायट्रेटची फिल्म ज्वालाग्राही. तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठीही रिळं विकली गेली. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली तेव्हा आणखी कितीतरी गेलं. चित्रपटच हाताशी नसले की नटीचं काम लोकांपर्यंत पोचवायला शब्दच उरतात. ते शब्द ‘अपयश’ आणि ‘वैधव्य’ असतील तर पुढच्या पिढीच्या हातात तेवढंच जाईल. कमलाबाईंचा स्वतःचा आवाज तरी आपल्याकडे आहे. रीना मोहन यांनी त्यांच्या उतारवयात त्यांच्यावर माहितीपट केला, त्यात त्या स्वतः बोलतात, आठवतात, नाटकातलं करूनही दाखवतात. प्रदर्शनात पडदे लावलेत, ध्वनियंत्रणा आहे. त्यातला थोडासा भाग रीतसर परवानगी घेऊन लावणं अशक्य नव्हतं.

त्यांच्या विवाहांबद्दल बोलूच नये, असं मी म्हणत नाही. बोलाच. दुर्गाबाईंनी घर का सोडलं असेल, सोडल्यावर कायदा आणि समाज त्यांच्याशी कसे वागले, कमलाबाईंचा संसार कंपनीच्या बिऱ्हाडात कसा चालला, विधवा झाल्यावर त्यांनी मुलांना कसं वाढवलं, हे सगळं कामाशी जोडून सांगा. तेव्हा ते काम अधिक चांगलं कळेल.

माझ्या मागण्या अशा आहेत. प्रदर्शन पुढच्या गावी जाण्याआधी दुर्गाबाई आणि कमलाबाई यांचे दोन स्वतंत्र फलक करावेत. ‘वैवाहिक जीवनात अपयश’ ही ओळ काढावी. प्रत्येक फलकाची सुरुवात भूमिकेने, वर्षाने आणि कंपनीच्या नावाने व्हावी, कुटुंबाची माहिती त्यानंतर यावी. विक्रम गोखले यांचा उल्लेख ठेवायचा तर तो ‘त्यांचे पणतू’, ‘त्यांचे नातू’ असा असावा. जन्ममृत्यूच्या तारखा कागदपत्रांवरून तपासून घ्याव्यात, आणि तोवर वादग्रस्त वर्ष ठामपणे छापू नये. १९१३ ते १९३३ या काळात रंगमंचावर आणि पडद्यावर आलेल्या स्त्रियांचा एक वेगळा फलक असावा आणि त्यात कोणालाही घरंदाज किंवा बिनघरंदाज असं म्हटलेलं नसावं.

इतर सर्वांना, म्हणजे पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांना, महाविद्यालयांत हा विषय शिकवणाऱ्यांना, दर ३ मे रोजी लेख छापणाऱ्या संपादकांना, एक वेगळी विनंती. आपापल्या भागात नाटक कंपन्यांत काम केलेल्या बायकांच्या घरी अजून वह्या, करारपत्रं, हँडबिलं, फोटो असतील. ती सांभाळणारे वारस आता स्वतः म्हातारे झाले आहेत. विद्यार्थ्यांना तिथे पाठवा, कागदांची छायाचित्रं घ्या, मुलाखती ध्वनिमुद्रित करा, आणि त्या बाईने कुठे, कोणत्या नाटकात, किती पैशांवर काम केलं, हा पहिला प्रश्न विचारा.

फलकांचा नवा मजकूर लिहून द्यायला, तपासून द्यायला मी तयार आहे. मानधन नको. छपाईचा खर्च अडत असेल तर तसं सांगावं, गावातले रंगकर्मी आणि आम्ही काही निवृत्त शिक्षक तो उचलू. माझ्या लेखी अर्जाची पोच आपल्याकडे आहे. त्याला लेखी उत्तर द्यावं, आणि प्रदर्शनाचा पुढचा मुक्काम ठरण्याआधी द्यावं, ही विनंती.

आपली नम्र,
मराठीची एक निवृत्त शिक्षिका